काचपाटीवरचा बिबट्या

एका जंगलात सगळं होतं, फक्त नेटवर्क नव्हतं.

झाडं होती, ओढा होता, चिखल होता, रानबोरं होती. आणि मुलांनो, एक शाळाही होती. ओढ्याकाठी एका जांभळाखाली ती भरायची. तिला भिंती नव्हत्या, त्यामुळे भिंतीवर सुविचारही नव्हते. तरी शाळा चालायची.

शाळेत एकच शिक्षिका होती, टिटवीबाई. टिटवी तुम्हाला माहीत असेल. आभाळ पडेल या भीतीने ती पाय वर करून झोपते, असं लोक सांगतात. ते खोटं आहे. एकशिक्षकी शाळेतल्या बाईंना पाय वर करायला वेळ कुठून मिळणार?

वर्गात बावीस पोरं होती. ससे होते, मुंगसं होती, रानडुकराची तीन पिल्लं होती. साळिंदराचा मुलगा काटेराव होता. त्याच्या शेजारी कोणी बसायचं नाही. त्याचं कारण तुम्हीच ओळखा. आणि शेवटच्या रांगेत कावरी होती. ती भेकराची मुलगी. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण. ते घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं आणि पळतं. कावरी दिवसातून दहा वेळा भुंकायची आणि अकरा वेळा पळायची.

बाई एकच विषय शिकवायच्या : संध्याकाळी जिवंत घरी कसं जायचं.

वारा कुठून येतो, बिबट्याचा वास कसा असतो, वानर वरून ओरडलं तर खाली काय करायचं. हे सगळं त्या खेळता खेळता शिकवायच्या. मध्येच ओरडायच्या, "टिट्टीव! टिट्टीव!" आणि पाच आकडे मोजायच्या. पाच म्हणेपर्यंत एकही पोर दिसता कामा नये. जे दिसेल त्याच्यावर राज्य. परीक्षा रोजच होती. तिला कोणी परीक्षा म्हणत नव्हतं, इतकंच.

या खेळात एक पोर कधीच सापडायचं नाही. कावरी. बाईंनी चोच उघडण्याआधीच ती भुंकून झुडपात असायची.

तर असं सगळं चांगलं चाललं होतं. चांगलं चाललेलं दरबारात कोणाला तरी खुपतंच.

या जंगलाचा राजा गवा होता. सिंह का नाही, असं विचारू नका. आपल्या जंगलांत सिंह नसतात, ते फक्त बोधकथांत असतात. गवा महाराज वजनदार होते. ते दिवसभर रवंथ करायचे आणि कोणी काही सांगितलं की मान हलवायचे. मान रवंथामुळे हलायची, पण दरबारी मंडळी तिला मंजुरी समजायची.

एके दिवशी दरबारात कोल्हेसाहेब उभे राहिले. हे पडताळणी अधिकारी. शेजारच्या राज्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ते नुकतेच परतले होते. गळ्यातली ओळखपट्टी त्यांनी अजून काढली नव्हती.

"महाराज," ते म्हणाले, "आपली पोरं शिकतात की नाही, हे आपल्याला कळतच नाही."

"संध्याकाळी घरी येतात की," एक म्हातारी घोरपड म्हणाली.

"ती भावना झाली, आजी. मी आकड्यांबद्दल बोलतोय."

महाराजांनी मान हलवली. योजना मंजूर झाली.

मग प्रत्येक शाळेला एक काचपाटी मिळाली. काचपाटी म्हणजे चकचकीत काचेची पाटी. तिच्यात चित्रं दिसतात, ती गोड आवाजात प्रश्न विचारते, आणि बोट लावलं की उत्तर घेते. बोट नसेल तर पंजा, खूर किंवा नाकही चालतं. उत्तर बरोबर आलं की ती "शाब्बास!" म्हणते आणि वरून चांदण्या पाडते. चुकलं तर करड्या रंगाची होते.

दरबारात एक मोठी भिंत उभी राहिली. तिच्यावर प्रत्येक शाळेचा एक ठिपका. मुलं हुशार असतील तर हिरवा, नसतील तर लाल. महाराजांना भिंत फार आवडली. त्यांना गवत आवडायचं, त्यामुळे हिरवं आवडायचं.

पुढे नियम आले. परीक्षा दर शनिवारी, सूर्य उगवल्यावर. प्रत्येक पोराला शंभरात नव्वद हवेत. एक जरी पोर कमी पडलं तरी शाळा लाल. सलग तीन शनिवार लाल, तर शाळा बंद, आणि पोरांनी नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं.

मोठ्या शाळेबद्दल वाईट बोलायचं कारण नाही. फक्त मध्ये डोह होता आणि डोहात मगर होती.

"साहेब, त्या डोहाचं काय?" टिटवीबाईंनी विचारलं.

"ते वाहतूक विभागाकडे येतं," कोल्हेसाहेब म्हणाले.

आता राहिला नेटवर्कचा प्रश्न. ते सगळ्या जंगलात एकाच जागी यायचं, भुंड्या टेकडीच्या माथ्यावर. तिथे झाड नव्हतं, झुडूप नव्हतं, लपायला साधा दगड नव्हता. लांबून सगळं स्वच्छ दिसायचं. नेटवर्कला असंच आवडतं.

म्हणून परिपत्रक निघालं. 'दर शनिवारी सूर्योदयानंतर सर्व विद्यार्थ्यांनी एका ओळीत भुंड्या टेकडीवर उपस्थित राहावे. लहान मुले पुढे.' ते झाडाझाडावर चिकटवलं गेलं.

जंगलात परिपत्रक कोणी वाचत नाही. पण हे बिबट्याने दोनदा वाचलं.

पहिल्या शनिवारी बाई पोरांना घेऊन टेकडीवर गेल्या. काचपाटी मातीत उभी रोवली. पहिला प्रश्न आला. काचेवर पिवळा, ठिपक्याठिपक्यांचा, दात विचकलेला बिबट्या उमटला. गुरगुरण्याचा आवाजही आला.

"बाळा," काचपाटी लाडाने म्हणाली, "हा बिबट्या आहे. त्याला स्पर्श कर."

पहिला ससा दचकला. त्याने बाईंकडे पाहिलं. मग हळूच पंजा पुढे केला आणि बिबट्याच्या नाकाला लावला.

"शाब्बास! तू फार हुशार आहेस!" चांदण्या पडल्या.

सशाला गंमत वाटली. मग मुंगसांना वाटली. रानडुकराच्या पिल्लांनी तर रांग मोडून पुन्हा नंबर लावला. काटेरावने काचेवर एक लांब ओरखडा काढला, पण त्यालाही शाब्बास मिळालं. बिबट्या दिसला की त्याच्या नाकाला हात लावायचा आणि चांदण्या घ्यायच्या, हे पोरं एका सकाळीत शिकली. शिक्षणशास्त्रात याला निष्पत्ती म्हणतात.

शेवटी कावरीचा नंबर आला. काचेवर बिबट्या उमटला.

"भॉक्!" कावरी भुंकली आणि पळाली. टेकडी उतरली, ओढा ओलांडला आणि करवंदाच्या जाळीत शिरली.

काचपाटी थोडा वेळ थांबली. मग करडी झाली. 'उत्तर दिले नाही. गोंगाट केला. गुण शून्य.'

दरबारातल्या भिंतीवर ओढ्याकाठच्या शाळेचा ठिपका लाल झाला.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. बिबट्या, भॉक्, करवंदाची जाळी, शून्य.

त्या दिवशी कावरीची आई शाळेत आली. तिच्या पायात काटा होता, तशीच लंगडत आली होती.

"बाई, खरं सांगा," ती म्हणाली. "माझी पोरगी मठ्ठ आहे का हो?"

"कोण म्हणालं?"

"पाटी म्हणाली. सशाची आई म्हणाली. आमच्या ह्यांची आई म्हणाली, पण ती आधीपासूनच म्हणते. तुमच्या पोरीपायी आमची पोरं मगरीच्या तोंडी जाणार, असं म्हणतात सगळ्या."

वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी नापास झाली होती, आणि ते आईला कसं सांगावं हे बाईंना सुचेना.

"मी बघते," त्या म्हणाल्या. "एक आठवडा द्या मला."

आता मुलांनो, टिटवीबाईंनी जे केलं ते नीट ऐका. त्या वाईट नव्हत्या. बावीस पोरं आणि एक मगर, असा हिशोब त्यांच्यापुढे होता.

त्यांनी कोळशाने एका सपाट दगडावर बिबट्या काढला आणि कावरीला समोर बसवलं. सोमवारी ती ओढ्यापर्यंत पळाली. मंगळवारी जांभळापर्यंत. बुधवारी उभ्या जागी थरथरली. गुरुवारी डोळे मिटून तिने खूर पुढे केला. शुक्रवारी डोळे उघडे ठेवून तिने बिबट्याच्या नाकावर खूर टेकवला.

"शाब्बास," बाई म्हणाल्या आणि तिला एक रानबोर दिलं.

कावरीने बोर खाल्लं, बी थुंकली आणि विचारलं, "बाई, आणि खरा आला तर?"

"खरा अभ्यासक्रमात नाही, बाळ."

कावरीने मान डोलावली. बाईंनी मात्र त्या दिवशी एकही किडा खाल्ला नाही.

तिसरा शनिवार उजाडला. आज कोल्हेसाहेब स्वतः आले होते. टेकडीवर ते सावली शोधत होते आणि ती नव्हती.

"ही जागा कोणी निवडली?" ते वैतागून म्हणाले.

"आपणच, साहेब."

"बरं, बरं. नियम ऐका. परीक्षेच्या वेळी शिक्षकाने आवाज काढला, तर ते उत्तर सांगणं समजलं जाईल. सगळ्या वर्गाला शून्य. चोच बंद ठेवायची. बसल्याबसल्या पंखाने खुणाही नकोत. मागच्या आठवड्यात त्या वानरगुरुजींनी शेपटीने उत्तरं सांगितली. निलंबित केलं मी त्यांना."

"आणि काही संकट आलं तर?"

"संकटाचा अर्ज वेगळा आहे. तो सोमवारी मिळेल."

पोरं ओळीत बसली. कावरी नापास असल्यामुळे पहिला नंबर तिचा. ती काचपाटीसमोर उभी राहिली. काचेवर बिबट्या उमटला आणि गुरगुरला. कावरीने खूर उचलला.

टिटवीबाई श्वास रोखून बघत होत्या. आणि बघता बघता त्यांना काचपाटीच्या मागे, उतारावरच्या वाळल्या गवतात, आणखी एक बिबट्या दिसला. त्याला ओरखडा नव्हता.

परिपत्रकात दिलेल्या वेळेवर तो आला होता. जंगलात वेळेवर येणारा तो एकटाच.

ओरडावं, तर वर्गाला शून्य, शाळा बंद आणि डोहातली मगर. न ओरडावं, तर हा. बाईंनी जेवढा वेळ विचार केला तेवढ्यात जांभळाचं पानसुद्धा खाली पडलं नसतं.

"टिट्टीव! टिट्टीव! टिट्टीव!"

"बाई!" कोल्हेसाहेब किंचाळले. "कॉपी! ही सरळ सरळ कॉपी आहे!"

बिबट्या गवतातून बाहेर आला. पोरांनी त्याच्याकडे पाहिलं. आणि मुलांनो, बाई ओरडूनही कोणी पळालं नाही. दोन शनिवार चांदण्या मिळवलेली हुशार पोरं ती. सशांनी पंजे पुढे केले. रानडुकराच्या पिल्लांनी नंबर लावला. काटेराव तर दोन पावलं पुढे सरकला.

"सर," तो कोल्हेसाहेबांना म्हणाला, "हा मोठा आहे. ह्याला कुठे स्पर्श करायचा?"

सरांनी मागे वळून पाहिलं. मग सर नव्हते. सर होते तिथे फक्त धूळ होती.

कावरीचा खूर अजून हवेतच होता. समोर एक बिबट्या, त्याच्या मागे दुसरा. दोघेही सारखेच दिसत होते. तेवढ्यात वारा फिरला. काचेवरच्या बिबट्याला वास नव्हता. याला होता.

"भॉक्!"

त्या एका भुंकण्याने वर्ग जागा झाला. हा आवाज पोरांच्या ओळखीचा होता. जांभळाखालच्या खेळातला, शंभर वेळा ऐकलेला. त्यानंतर काय करायचं हे पायांना माहीत होतं. डोक्याला विचारायची गरजच पडली नाही.

एक. दोन. तीन. चार. पाच.

टेकडीवर एकही पोर नव्हतं.

उताराखाली एक बीळ होतं. कोल्हेसाहेब त्यात सगळ्यात आधी पोचले होते. पण ते साळिंदराचं बीळ होतं, आणि काटेराव घरी परतत होता. साळिंदरं बिळात उलटी शिरतात. त्यानंतरचं वर्णन मी करत नाही. ओरडणं मात्र ओढ्यापर्यंत ऐकू आलं.

टेकडीच्या माथ्यावर बिबट्या एकटाच उभा राहिला. उपाशी आणि जरासा अपमानित. तो वळणार, इतक्यात कोणीतरी म्हणालं,

"बाळा, घाबरू नकोस. पुन्हा प्रयत्न कर."

बिबट्याने इकडेतिकडे पाहिलं. आई सोडून गेल्यापासून त्याला कोणी बाळ म्हटलं नव्हतं.

"हा बिबट्या आहे. त्याला स्पर्श कर."

त्याने काचेकडे पाहिलं. ओळखीचा चेहरा होता. त्याने हलकेच पंजा टेकवला.

"शाब्बास! तू फार हुशार आहेस!" चांदण्या पडल्या.

बिबट्या खाली बसला.

पुढचे प्रश्न आले. यांतला ससा कोणता? हरणं पाण्यावर कधी येतात? रानडुकराची पिल्लं कुठे झोपतात? मुलांनो, या विषयांचा इतका सखोल अभ्यास साऱ्या जंगलात दुसऱ्या कोणाचा नव्हता. वीसपैकी वीस. कावरीची परीक्षा संपली. "पुढचा विद्यार्थी," काचपाटी म्हणाली. बिबट्याने पुढच्या विद्यार्थ्याचीही दिली. मग त्याच्या पुढच्याची. सूर्य डोक्यावर येईपर्यंत त्याने बावीसच्या बावीस परीक्षा दिल्या.

दरबारातल्या भिंतीवर ओढ्याकाठची शाळा इतकी हिरवी झाली की महाराजांना भूक लागली.

सोमवारी टिटवीबाईंना दरबारात बोलावणं आलं. कोल्हेसाहेब आधीच आले होते. ते बसत नव्हते.

"तुमची शाळा राज्यात पहिली आली," दरबारी म्हणाले. "बावीस पोरं, बावीस शंभर."

बाईंच्या समोर भेंडीच्या फुलांचा हार धरला गेला. बाईंनी तो घेतला नाही. मला त्यांचं हे फार आवडतं.

"महाराज, ती परीक्षा पोरांनी दिलीच नाही," त्या म्हणाल्या. "ती बिबट्याने दिली."

महाराजांचा रवंथ थांबला. असं वर्षातून एकदाच व्हायचं.

"कोल्हे, हे खरं आहे?"

"महाराज," कोल्हेसाहेब म्हणाले, "मी त्या वेळी बिळात, म्हणजे क्षेत्रभेटीवर होतो. पण यंत्र चुकत नाही."

"म्हणजे बिबट्याला शंभर मिळाले?"

"बावीस वेळा, महाराज."

"आणि पोरं?"

"बिबट्या दिसताच पळून जातात. मूलभूत क्षमताच नाही."

"अहो, पळाली म्हणून तर आज ती आहेत!" टिटवीबाई ओरडल्या. "पाच मोजायच्या आत बावीस पोरं लपली. याचे गुण कुठे आहेत तुमच्या भिंतीवर?"

"लपलेली पोरं पाटीला दिसत नाहीत," कोल्हेसाहेब शांतपणे म्हणाले. "दिसत नाही ते मोजता येत नाही."

महाराजांनी बराच वेळ विचार केला. मग त्यांनी विचारलं, "एवढा हुशार प्राणी असताना शाळेत टिटवी कशाला?"

आणि मान हलली.

अशा रीतीने ओढ्याकाठच्या शाळेवर बिबट्याची नेमणूक झाली. बाईंकडून काचपाटी काढून घेऊन ती नव्या गुरुजींच्या गळ्यात बांधण्यात आली. शाळा वाचली. मगरीचा प्रश्नही सुटला.

पहिल्या दिवशी शाळेत एकही पोर आलं नाही. याचा अर्थ पोरं आधीच्या बाईंकडे काहीतरी शिकली होती. गुरुजींच्या ते लक्षातही आलं नाही. ते जांभळाखाली सराव चाचणी सोडवत होते. सराव चाचणीला नेटवर्क लागत नाही. शनिवारी ते टेकडीवर जाऊन बावीस जणांची खरी परीक्षा द्यायचे, बाकीचे दिवस सराव करायचे. भिंत हिरवीगार राहिली. दुसऱ्या राज्यांतून मंडळी ती बघायला येऊ लागली.

गुरुजींना भूक लागायची तेव्हा ते शिकारीला निघायचे. पण काचपाटी गळ्यातच असायची. ते गवतातून दबकत, श्वास रोखून पुढे सरकायचे, आणि मध्येच मोह आवरला नाही की हळूच एक प्रश्न सोडवायचे.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, वाळूत, टिटवीबाईंचा वर्ग भरत होता. त्याची नोंद कुठेही नव्हती. बावीस पोरं होती. कावरी आता पहिल्या रांगेत बसायची, कारण सगळ्यात आधी तिला ऐकू यायचं. काटेरावच्या शेजारी अजूनही कोणी बसत नव्हतं.

"बाई," कावरीने एकदा विचारलं, "आपली परीक्षा कधी?"

बाई उत्तर देणार, तेवढ्यात पलीकडच्या गवतातून गोड आवाज आला.

"शाब्बास! तू फार हुशार आहेस!"

बाईंनी डोळे मिटले आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चार. पाच.

डोळे उघडले. वाळूत बावीस जागा रिकाम्या होत्या.

"सगळे पास," बाई म्हणाल्या आणि उडाल्या.

तात्पर्य : मुलांनो, यंत्र शाब्बास म्हणतं तेव्हा कान देऊन ऐकावं. आवाज कुठून येतोय हे कळलं, की कोणत्या दिशेला पळायचं हे आपोआप कळतं.